फरशीबाई

शाळेतली पोरं माझ्या ताईला ‘फरशीबाई’ म्हणतात. का, ते त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नाही. काहींचं म्हणणं, बाईंचा चेहरा फरशीसारखा थंडगार असतो म्हणून. काहींचं म्हणणं, गणित चुकलं की बाई ओरडत नाहीत, नुसतं बघतात, आणि मग आपली मान आपोआप खाली जाते आणि तास संपेपर्यंत फरशीच दिसते म्हणून. मुळात हे नाव पोरांनी ठेवलेलंच नाही. त्यांच्या आईबापांच्या वेळचं आहे ते. तेव्हा ताई शाळेत शिकवत नव्हती, शिकत होती, आणि अख्ख्या देशात तिच्या वयाची एकही मुलगी पाण्यात तिच्या पुढे जात नव्हती.

मी तिची धाकटी बहीण. माझं तोंड फाटकं आहे असं घरात सगळे म्हणतात, आणि आहेच. पण ताई आयुष्यभर मूग गिळून बसली, तिच्या वाटचं कुणी बोलायचं? म्हणून मी बोलते. ज्याला ऐकायचं नसेल त्याने उठून जावं.

आमचे बाबा फरशीवाले मिस्त्री. त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे मी मुलगी म्हणून सांगत नाही. आमच्या भागातल्या कुठल्याही जुन्या बाथरूममध्ये जा, भिंतीवर हात फिरवा, सांधा लागला नाही तर समजा ते बाबांचं काम. आमच्या स्वतःच्या बाथरूममध्ये मात्र दहा घरांच्या उरल्यासुरल्या टाइल्स, एक निळी, एक हिरवी, एक फुलांची अर्धी. आई म्हणायची, पाहुण्यांना तिकडे पाठवायची लाज वाटते. बाबा म्हणायचे, पाहुणे काय तिथे राहायला येतात?

ताईला लहानपणी धाप लागायची. जिना चढली की छाती वाजायची. डॉक्टर म्हणाले, हिला पोहायला घाला. तेव्हा बाबांचं सार्वजनिक तलावावर काहीतरी काम चाललं होतं. पोहण्याचा तलाव हो, मोठा, लांबलचक, एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या आणि दुसऱ्या बाजूला कपडे बदलायच्या खोल्या, ज्यांच्या दारांच्या कड्या कधीच लागत नाहीत. बाबांनी तिला तिथे नेऊन सोडली. वर्षभरात छाती सुधारली. पण आता ही बया पाण्याबाहेर यायलाच तयार होईना.

तिथले कोच म्हणजे एक नमुना होते. पोट हे एवढं, गळ्यात शिट्टी, आणि स्वतः कधी गुडघाभर पाण्यात उतरलेले कुणी पाहिले नाहीत. पण काठावरून चालता चालता नुसतं बघून सांगायचे, ‘डावं कोपर पडतंय’, आणि ते खरंच पडत असायचं. त्यांनी ताईला हेरलं. मग आमच्या घराचं घड्याळच बदललं. उजाडायच्या आत ताई पाण्यात, तिथून ओल्या केसांनी शाळेत, शाळेतून परत पाण्यात. डोळे कायम लाल, अंगाला तो औषधी पाण्याचा वास, आणि केसांचा पार झाडू झालेला. आई तेल चोळता चोळता कुरकुरायची, ‘हिचे खांदे बघा, दारातून आडवी जायला लागेल आता.’ तयार कपडे तिला खांद्यात बसेनात. आई शिवण उसवून बाजूने पट्ट्या लावायची आणि लावताना पुन्हा कुरकुरायची. पण स्पर्धेच्या दिवशी आई पायऱ्यांवर सगळ्यात पुढे असायची, आणि तिचा आवाज कोचच्या शिट्टीच्या वर जायचा.

बाबा सहसा यायचे नाहीत. ताईने कप आणला की ते तो माळ्यावर ठेवायचे, धूळ बसू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून. ‘छाती सुधारली ना, बास,’ एवढंच म्हणायचे. आम्हाला वाटायचं, बापाची माया अशीच असते, कमी बोलणारी. काय काय वाटून घेतो आपण.

आता ते टाइल्सचं. तलावाच्या पलीकडच्या टोकाला पाण्याखालच्या टाइल्स फुटल्या होत्या. पोहणारे तिथे पोचले की पाण्यातच कोलांटी घेऊन भिंतीला पाय मारतात आणि परत फिरतात. ताईचा तळपाय तिथे कापला, एकदा नाही, दोन-तीनदा. एकदा तर पाणी गुलाबी झालेलं मी स्वतः पाहिलं. कोचनी कमिटीकडे तक्रार केली. कमिटी म्हणाली, बघू. कमिटीचं बघणं कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. शेवटी बाबाच म्हणाले, ‘तलाव साफसफाईला रिकामा कराल तेव्हा मी करून देतो.’

ते दिवस ताईच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते असं मला वाटतं. आम्ही दोघी डबा घेऊन जायचो. रिकामा तलाव आत उतरून बघितलात कधी? आवाज घुमतो. बाबा त्या टोकाला ओळंबा लावून बसलेले, एक एक टाइल लावून थापीच्या मुठीने ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे, कुठे पोकळ तर नाही. जुन्या टाइल्स त्यांनी काढल्या नव्हत्या, त्यांच्यावरच माल घालून नव्या लावत होते. मी विचारलं तर म्हणाले, ‘उकरल्या तर मागचा गिलावा सुटेल, तलाव गळायला लागेल.’ आम्हाला काय कळतंय त्यातलं? काम संपल्यावर ताईला म्हणाले, ‘हात फिरव.’ तिने पूर्ण भिंतीवर हात फिरवला, मग बूट काढून पाय फिरवला, आणि एवढी हसली की बाबाही हसले. ती भिंत तिची झाली होती. बापाने तिच्या पायासाठी बांधलेली.

पुढच्याच वर्षी देशपातळीवरची मोठी स्पर्धा आमच्या तलावात भरली. त्या स्पर्धेत जी मुलगी पहिली येईल आणि ठरवून दिलेल्या वेळेच्या आत येईल, तिला परदेशातल्या स्पर्धेला पाठवणार होते. ताई पहिली येणार हे सगळ्यांना माहीतच होतं. ती कितीने येणार एवढाच प्रश्न होता.

त्या दिवशी बाबाही आले होते, कामावरून तसेच, पँटीवर सिमेंट. काठाशी उभे होते. ताई निघाली ती अशी, की अर्ध्या अंतरातच बाकीच्या मुली आपापसात लढत होत्या आणि ही एकटी पुढे. शेवटची खेप आली तेव्हा पायऱ्यांवर कुणी बसलेलं नव्हतं. तिने भिंतीला हात लावला, कोचनी घड्याळ बघितलं, आणि तो माणूस कपड्यांसकट पाण्यात पडला. आनंदाने उडी मारली की तोल गेला, ते कधी कळलं नाही. ताईने नुसती स्पर्धा जिंकली नव्हती, देशाचा विक्रम मोडला होता. काठावर उभ्या बाबांचं तोंड उघडंच राहिलं होतं. मला ते नीट आठवतं. मला वाटलं, अभिमान.

विक्रम झाला की तलाव मोजतात. आम्हाला कुठे माहीत? पंच आले, पोलादी टेप घेऊन. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला एक. पुन्हा मोजलं. आपसात कुजबुजले. पुन्हा मोजलं. तलाव दोन बोटं आखूड भरला.

दोन बोटं. एका खेपेला दोन बोटं, सगळ्या खेपांची बेरीज केली तरी हातभर होत नाही, आणि ताईने विक्रम मोडला होता तो माणूसभर लांबीने. पहिलीतल्या पोरालाही कळेल हा हिशेब. पण नियम म्हणजे नियम. मुख्य पंचांनी विचारलं, ‘या टोकाच्या टाइल्स कुणी लावल्या?’ बाबा पुढे झाले. ‘मी.’ ‘जुन्या काढल्या होत्या?’ बाबा म्हणाले, ‘नाही. वरूनच लावल्या.’

झालं. त्या एका वाक्यावर बाबांचं उरलेलं आयुष्य निघालं. लोक म्हणाले, काय माणूस आहे बघा, पोटच्या पोरीचं नुकसान होत असताना खरं बोलला. वर्तमानपत्रात फोटो आला, ताईचा नाही, बाबांचा. लोक त्यांना ‘खरा मिस्त्री’ म्हणायला लागले, लांबलांबून कामाला बोलावायला लागले. मला आजही कुणी समजावून सांगावं, त्यात खरेपणा कुठला? टेपच आखूड दाखवत होती. खोटं बोलून काय टाइल्स पातळ होणार होत्या?

ताईला दुसरी संधी दिली असं म्हणायची पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शहरातल्या तलावात एकटीने पोहून दाखव, वेळ साधली तर जाशील. रात्रभर रडलेली पोर, डोळे सुजलेले, अनोळखी पाणी, शेजारी कुणी नाही, काठावर चार पंच घड्याळं घेऊन. एका श्वासाने हुकली. एवढंच. तसंच दुसऱ्या मुलीलाही पोहायला लावलं, तिची वेळ बसली आणि परदेशी ती गेली, जी आदल्या दिवशी ताईच्या पायांचं पाणी खात मागे राहिली होती.

मग लोकांना आयतंच सापडलं. म्हणजे ही पोहत नव्हतीच, बापाची फरशी पोहत होती. नाक्यावर, शाळेत, कपडे बदलायच्या खोलीत, ‘ए फरशी’. हसून म्हणायचे, वर ‘गंमत केली गं’. ताई महिनाभर तलावावर गेली, मग एक दिवस गेली नाही. कोच दारात येऊन बसले, चहा घेतला नाही, बराच वेळ शिट्टीशी चाळा करत राहिले आणि निघून गेले. नंतरच्या वर्षी ते वारले.

ताईने अभ्यास धरला. गणित घेतलं, शिक्षिका झाली, आमच्याच शाळेत लागली. तिसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्यातला वर्ग, एक पंखा जो फिरण्यापेक्षा आवाजच जास्त करतो, आणि शिक्षकांच्या खोलीत अर्धं कपाट, अर्धं भूगोलाच्या बाईंचं. शिकवते चांगलं, हे तिचे शत्रूसुद्धा कबूल करतात. शाळा मुलांना बुधवारी तलावावर नेते. हेडमास्तरांनी एकदा उत्साहाने सुचवलं, बाई, तुम्ही तर चॅम्पियन, तुम्हीच जा बरोबर. ताई गेली. मुलांना फाटकातून आत सोडलं आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसून वह्या तपासल्या. पुढच्या बुधवारपासून पी.टी.चे सर जायला लागले.

लग्न केलं नाही. आई गेली, मी लग्न करून पलीकडच्या गल्लीत आले, आणि ताई बाबांबरोबर राहिली. त्यांचं जेवण, त्यांच्या गोळ्या, त्यांचे गुडघे. सिमेंटात बसून बसून बाबांचे गुडघे गेले होते, ती रोज रात्री शेकून द्यायची. माझ्या डोक्यात तिडीक जायची. एकदा मी तिला सरळ विचारलं, ‘ज्या माणसामुळे तुझ्या आयुष्याचं वाटोळं झालं त्याचे गुडघे शेकताना तुला काहीच वाटत नाही?’

ती वह्या तपासत होती. पेन खाली ठेवलं.

‘त्यांना काय माहीत होतं गं?’ ती म्हणाली. ‘तलाव मोजतात, विक्रम होतो, जातो, मिस्त्री माणसाला काय कळणार त्यातलं? माझा पाय कापू नये म्हणून केलं त्यांनी. आणि कागदावर नाही तर नाही. मी त्या दिवशी काय पोहले ते बाबांनी काठावर उभं राहून पाहिलंय. त्यांना माहितीये ते माझं होतं. घरात तरी तो विक्रम आहे की.’

तिने तेवढ्यावर आयुष्य उभं केलं होतं. जगाने विक्रम नाही धरला तर नाही धरला, एका माणसाने धरलाय.

गेल्या वर्षी तलावाला पन्नास वर्षं झाली. तलावावरच्या क्लबचे नवे सचिव घरी आले, तरुण, गोड बोलणारे. म्हणाले, ‘बाई, नवा फलक करतोय आम्ही, त्यावर तुमचं नाव टाकायचं ठरलंय. अधिकृत म्हणता येणार नाही, पण आमच्या क्लबचा विक्रम म्हणून.’ ताईने वहीचं पान फाडून त्यावर आपलं नाव आणि वेळ लिहून त्यांच्या हातात दिली. मग ते म्हणाले, ‘आणि त्याच कार्यक्रमात बाबांचाही सत्कार. प्रामाणिकपणाबद्दल.’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते गेल्यावर मी तोंड सोडलं. ताई म्हणाली, ‘असू दे. म्हातारा माणूस, खूश होईल. नाव लागतंय ना?’

तिने नवे बूट घेतले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती फाटकाच्या आत गेली. पायऱ्या त्याच होत्या, खोल्यांना नव्या कड्या लागल्या होत्या. काठाशी टेबल, माइक, खुर्च्या, आणि भिंतीवर कापडाने झाकलेला फलक. ताई पहिल्या रांगेत बसली, हातात चार ओळींचं भाषण. तिचे जुने विद्यार्थी आले होते, काहींची मुलंही होती. मी शेजारीच बसले होते. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

आधी बाबा. दोघांनी धरून उभं केलं, माइक तोंडाशी आणला. बाबांना माइक आवडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

‘मी खरं बोलतो म्हणून तुम्ही मला बोलावलंत,’ बाबा म्हणाले. ‘तर आज एक खरं सांगूनच टाकतो, आता काय, जायचं वय झालं. ते कोचसाहेब होते ना, त्यांनी मला आधीच बजावलं होतं. मिस्त्री, जुन्या काढूनच नव्या लावा, लांबी बदलता कामा नये, उद्या कुणी विक्रम केला तर टेप लावून बघतात. मी म्हटलं, हो हो, काढतो. नाही काढल्या. गळतीबिळती काही नाही हो, उगाच कोण उकरत बसणार? मी मनात म्हटलं, विक्रम कोण करणार इथे? आमची ही?’ आणि त्यांनी ताईकडे बोट दाखवलं. ‘हिची तर छाती भात्यासारखी वाजायची. मला काय ठाऊक, ही खरंच करून बसेल.’

लोक हसले. मनापासून हसले, टाळ्या वाजवल्या. काय निर्मळ म्हातारा आहे, असं माझ्या मागे कुणीतरी म्हणालं. बाबाही हसत होते.

मी ताईकडे बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती उठली, दोरी ओढली, कापड पडलं, सोनेरी अक्षरांत तिचं नाव होतं, वेळेसकट. तिने फलकाकडे पाठ करून सगळ्यांचे आभार मानले, वर्गात मानते तसे, स्पष्ट, एकाच आवाजात. चार ओळींचा कागद तिने उघडलाच नाही. खाली येऊन बसली. सचिव फोटोसाठी फलकाशेजारी बोलवायला आले तर म्हणाली, बाबांना घ्या.

घरी जाताना गाडीत बाबांनी विचारलं, ‘बोललो ना बरं? सगळे हसत होते.’

‘हो बाबा,’ ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे आली. खुर्चीवर बसली नाही, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली. म्हणाली, ‘बाबांना तू घेऊन ये इकडे.’ मी का म्हणून विचारलं नाही. तीच म्हणाली, ‘रागावले नाहीये गं मी. पण काल त्यांना ताट वाढलं आणि समोर बसले तर माझ्या घशाखाली घास उतरेना. त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून मी कधी काही बोलले नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी फक्त मला हिशेबात धरलंच नव्हतं.’ मग पाणी मागितलं, प्यायली, पेला धुऊन पालथा घातला आणि गेली.

बाबा आता माझ्याकडे असतात. खिडकीपाशी बसतात. ताई रोज त्याच रस्त्याने शाळेतून येते, वह्यांची पिशवी खांद्याला, आणि वर बघत नाही. ती वळणावरून दिसेनाशी झाली की बाबा मला हाक मारतात आणि रोज तेच विचारतात, ‘ही माझ्यावर का रुसलीय गं? मी काही खोटं बोललो का?’

‘नाही बाबा,’ मी म्हणते. ‘तुम्ही खरंच बोललात.’